विनोबाजी भावे व त्यांचे भिन्नमती सोबती

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी पेण व रोहा या बाजूचे दोन सुवार्तिक बंधू आमच्या घरी मुक्कामास होते. भाताचा पेरा होऊन लावणीस अद्यापि अवकाश होता, म्हणून त्यांस दोन दिवसांची सवड सापडली होती. त्यांतील वडील बंधूंच्या मनावर एक ओझे होते. त्यांच्या लहानशा मंडळीतील एका जुन्या विश्वासी कुटुंबाचा मुलगा शिकला, कारखान्यात नोकरीस लागला, आणि देव आहे असे आपणांस वाटत नाही, असे उघड बोलू लागला. उपासनेस येणे त्याने सोडले. बापाच्या दफनाच्या वेळी तो कबरेपाशी उभा राहिला, मातीही त्याने लोटली. पण प्रार्थना चालली असता मस्तक लवविले नाही. त्या दिवसापासून मंडळीतील काही घरांनी त्याच्या घरचे पाणी पिणे सोडले. तोच मुलगा रात्री-अपरात्री कोणाही आजाऱ्यास आपल्या गाडीवर बसवून इस्पितळात पोचवितो, हेही त्या बंधूंनी प्रामाणिकपणे सांगितले. अशा मनुष्याशी मंडळीने कसे वागावे, हा त्यांचा प्रश्न होता.

आम्ही त्यांस तत्काळ उत्तर दिले नाही. त्यांच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही त्या रात्री त्यांस सांगत बसलो, आणि तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहो. हा पुरुष ख्रिस्ती नव्हता, व व्हावे असे त्यास कधी वाटलेही नाही. धर्मांतर ही गोष्टच त्यास पसंत नव्हती. ज्याने त्याने आपल्या जन्मधर्मात राहून इतरांतील चांगले घ्यावे, असे त्याचे मत होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजा-पणज्यांनी मोठी किंमत देऊन जी वाट धरली, ती वाट त्यास अनावश्यक वाटत होती, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. त्याचे चरित्र आम्ही सांगतो ते या मतभेदासकट.

विनायक नरहर भावे, ज्यांस सारा देश विनोबा या नावाने ओळखतो, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली पडले. भाव्यांचे घराणे वाईचे. आजोबा शंभुराव हे गागोद्यास जमीन सांभाळून राहात असत. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास, आणि आई रुक्मिणीबाई मुलांस घेऊन सासरी, अशी घराची मांडणी होती. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास बडोद्यास जाईपर्यंत विनायकाचे बालपण याच आपल्या मुलुखात गेले. फणस फोडला म्हणजे गरे आधी शेजारच्या घरी पोचवावयाचे व मग आपण खावयाचे, असा आईचा दंडक असे.

गागोद्याच्या त्या घरात एक आंधळे गृहस्थ राहात. मुले त्यांस घरचेच समजत. पुढे कुटुंब बडोद्यास गेल्यावर ते वारल्याचे पत्र आले. परंतु घरात कोणी सुतक धरले नाही, याचे मुलास आश्चर्य वाटले. तेव्हा आईने त्यास समजाविले की, ते आपल्या नात्यातले नव्हतेच. त्यांस पाहणारे कोणी नव्हते म्हणून ते आपल्या घरी होते. इतकी वर्षे ज्यास आपला म्हणून पाहिले तो परका होता, हे मुलास तो मेल्यावर कळले. आजोबा मोठे कर्मठ. व्रते, उपास, पूजा यांत त्यांचा दिवस जाई. तथापि वाईस भाव्यांचे जे शिवमंदिर होते, ते वर्षातून एक दिवस अस्पृश्य मानलेल्या लोकांस उघडे केले जाई. तो काळ पाहता ही गोष्ट धैर्याची खरी. मात्र उरलेले ३६४ दिवस ज्यांचे पूर्वज बाहेर उभे होते, त्या आमच्या वाचकांस त्या एका दिवसाचे मोल आम्हांहून अधिक नेमके ठाऊक असेल.

आईबाप दोघे एका मनाचे नव्हते. आई अत्यंत भाविक. तिच्या तोंडी कानडी व मराठी भजने सदा असत. वडील शास्त्रीय दृष्टीचे, रंगांचे प्रयोग करणारे, प्रत्येक गोष्ट मोजून-मापून पाहणारे. एकदा आईने देवास एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम केला, आणि ती रोज बसून एकेक दाणा मोजू लागली. वडिलांनी ते पाहून सुचविले की, तोळाभर तांदूळ घेऊन त्यांतील दाणे मोजावे, त्या हिशोबाने लाखाचे वजन काढावे, आणि कमी पडू नये म्हणून थोडे वर घालावे. म्हणजे वेळही वाचेल व नेमही पुरा होईल. आईस उत्तर सुचेना. तिने संध्याकाळी मुलास विचारले. मुलाने सांगितले की, हा हिशोबाचा प्रश्न नाही. प्रत्येक दाण्यागणिक मन देवाकडे जाते, म्हणून मोजावयाचे. आईचे समाधान झाले. पण वडिलांस तुच्छ लेखावे, असे त्या मुलास वाटले नाही. पुढे आयुष्यभर विनोबाजी गणितावर देवाच्या खालोखाल प्रेम करीत राहिले. भक्ती आईची आणि चिकित्सा बापाची, अशा दोन्ही चुलींवरचे अन्न त्यांनी खाल्ले होते.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला तो काशीस गेला, व तेथून त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादेस गांधीजींच्या आश्रमात पोचला. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. तिच्यापेक्षा १९१८ सालची एक गोष्ट आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात आई वारली. विनोबाजींचे तिच्यावर अपार प्रेम. ते शेवटी तिच्यापाशी होते. परंतु भटजींकडून मंत्राग्नी देवविणे त्यांच्या मनास पटेना. वडिलांनी रीतीप्रमाणे सर्व करविले. तेव्हा हा मुलगा स्मशानात गेलाच नाही. घरी बसून त्याने आपल्या पद्धतीने ग्रंथपठन केले. आपल्या विश्वासाकरिता आईबापांच्या अंत्यविधीच्या वेळी बाजूस उभे राहणे म्हणजे काय, हे पेण-रोह्याच्या मंडळ्यांतील पहिल्या पिढीच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. भाऊबंद काय बोलतात, गाव काय बोलते, आणि रात्री एकटे असता आपले मन काय बोलते, हे ज्याने सोसले त्यालाच ते कळते. मात्र ज्याने आपण सोसले, तो दुसऱ्याच्या बाबतीत ते लवकर विसरतो, असाही आमचा अनुभव आहे. विनोबाजी विसरले नाहीत असे दिसते.

१९२१ पासून वर्ध्यास आश्रम, मग पवनार, मधून मधून तुरुंग, असे त्यांचे जीवन चालले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने सानेगुरुजींनी लिहून घेतली. अरबी शिकून त्यांनी कुराण मुळातून वाचले, आणि बायबलही ते वर्षानुवर्षे वाचीत होते. पुढे नव्या करारातील निवडक वचनांचे एक पुस्तक त्यांनी ख्रिस्ती धर्माचे सार म्हणून तयार केले. त्याच रीतीने त्यांनी कुराणाचे सार काढले व धम्मपदाची नवी मांडणी केली, आणि त्यांच्या प्रेरणेने जैनांच्या निरनिराळ्या पंथांनी मिळून आपला एक ग्रंथ सिद्ध केला. यांतील बुद्ध व जैन हे जग निर्माण करणारा देव मानीत नाहीत. तरी ईश्वराच्या नावांची जी एक माळ विनोबाजींनी प्रार्थनेसाठी गुंफली, तीत यहोवा, येशूचा पिता, रहीम, मज्द या नावांशेजारी बुद्ध हे नावही आहे. आमच्या ख्रिस्ती मनास ही माळ जड जाते, हे आम्ही लपवीत नाही. सर्व नावे एका दोऱ्यात ओविली म्हणजे सर्व विश्वास एकच झाले, असे आम्हांस वाटत नाही. परंतु माळ गुंफणाऱ्याने कोणास बाहेर ठेवू नये म्हणून किती परिश्रमाने अभ्यास केला, हे पाहिले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांनी शेजाऱ्याचा धर्मग्रंथ, खोडून काढण्याच्या हेतूशिवाय, एकदा तरी पुरता वाचला आहे?

देव न मानणाऱ्यांविषयी विनोबाजींची वृत्ती समजण्यास त्यांच्या गुरूंकडे थोडे वळले पाहिजे. गांधीजी पूर्वी ईश्वर हाच सत्य आहे, असे म्हणत. १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी सांगितले की, आता ते सत्य हाच ईश्वर आहे, असे म्हणणे पसंत करतात. कारण ईश्वर नाकारणारे पुष्कळ भेटतात, पण प्रामाणिक नास्तिकही सत्य नाकारीत नाही. पुढे आंध्रातील गोपराजु रामचंद्र राव, जे गोरा या नावाने प्रसिद्ध होते, ते सेवाग्राम आश्रमात आले. हे गृहस्थ जन्माने ब्राह्मण, मताने कट्टर निरीश्वरवादी, आणि अस्पृश्यता मोडण्याच्या कामात रात्रंदिवस खपणारे. त्यांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी सेवाग्रामात लावावा, असे ठरले. नास्तिकाच्या मुलीस देवाच्या नावाने शपथ कशी घ्यावयास लावावी, हा पेच पडला, तेव्हा गांधीजींनी देवाच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने शपथ घेण्यास संमती दिली. विवाहापूर्वीच गांधीजींचा वध झाला. तरी १९४८ च्या मार्चमध्ये सेवाग्रामातच तो विवाह झाला. पवनार तेथून काही मैलांवर. अशा वातावरणात विनोबाजींची घडण झाली होती.

त्यांची खरी परीक्षा १९५१ साली आली. तेलंगणात जमीनदार व कूळ यांच्यामध्ये रक्त वाहात होते. कम्युनिस्ट पक्षाच्या सशस्त्र टोळ्या रात्री गावात येत, आणि दिवसा सरकारी फौज येई. विनोबाजी हैदराबादेजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनास पवनारहून सुमारे ३०० मैल पायी गेले, आणि परत फिरण्यापूर्वी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन तेथील कम्युनिस्ट कैद्यांस भेटले. हे लोक देवास मानीत नव्हते, धर्मास अफू म्हणत होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातून हत्याही झाल्या होत्या. विनोबाजींनी त्यांचा मार्ग साफ नाकारला. गरिबांविषयी त्यांस वाटणारी कळकळ मात्र खरी आहे, हे त्यांनी मान्य केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १८ एप्रिल १९५१ रोजी, पोचमपल्ली गावी दलितांच्या ४० कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली, आणि सभेतील रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हा. ज्या प्रश्नाकडे देव न मानणाऱ्यांनी बोट दाखविले होते, त्याच प्रश्नावर एक देवभक्त तेरा वर्षे चालत राहिला.

आता देवळांच्या दारांतील हकीकती सांगावयाच्या आहेत, आणि आमच्या मते या चरित्राचा गाभा तेथेच आहे. १९५३ साली बिहारातील वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह देवदर्शनास गेले असता तेथील पंड्यांनी त्यांच्यावर व सोबत्यांवर हल्ला केला. सोबत्यांनी मार अंगावर घेतला. विनोबाजींच्या कानास इजा होऊन त्यांस एका बाजूने ऐकू येणे कमी झाले. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये, अशी त्यांनी इच्छा दर्शविली.

१९५५ च्या मार्च महिन्यात ओरिसात जगन्नाथपुरीस ते पोचले. पुरीचे मंदिर म्हणजे हिंदुस्थानातील चार मोठ्या धामांपैकी एक. दर्शनाची ओढ त्यांस नव्हती, असे नव्हे. त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या, धर्माने ख्रिस्ती. मंदिराच्या व्यवस्थापकांनी विनोबाजींस आत येण्यास हरकत नसल्याचे सांगितले. बाईंस मात्र प्रवेश नाही. विनोबाजी दारातून परत फिरले. तेथे त्यांनी आरडाओरड केली नाही, सत्याग्रह मांडला नाही, मंदिरवाल्यांस पापी ठरविले नाही. त्यांस झालेले दुःख त्यांनी नंतर सभेत बोलून दाखविले, इतकेच. वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे: साठीस आलेला ब्राह्मण, जन्मभर गीता व वेद तोंडी असलेला, शेकडो मैल चालून देवाच्या दारी आला, आणि ज्या धर्मात तो स्वतः कधी शिरणार नव्हता त्या धर्माच्या एका परदेशी स्त्रीकरिता आपले दर्शन सोडून वळला. ती स्त्री आपल्या विश्वासातील होती. आपल्या लोकांपैकी कोणी तिच्यासाठी काय सोडले, याची नोंद नाही. याने सोडल्याची आहे.

दोन वर्षांनी केरळात गुरुवायूरच्या मंदिरापाशी तीच गोष्ट पुन्हा घडली. सोबत ख्रिस्ती मंडळी होती. त्यांस आत घेण्यास नकार आला, तेव्हा विनोबाजीही गेले नाहीत. उलट म्हैसूरकडील मेलकोटे येथे, जेथे रामानुजाचार्यांनी वास्तव्य केले होते, त्यांस सर्व सोबत्यांसह आत घेण्यात आले. शेवटी १९५८ च्या मे महिन्यात पंढरपूर. येथे १९४७ साली सानेगुरुजींनी उपोषण केल्यावर दलितांस मंदिर खुले झाले होते. आता विनोबाजींबरोबर एक मुसलमान भगिनी व एक जर्मन ख्रिस्ती भगिनी होत्या, आणि पंढरीच्या अधिकाऱ्यांनी त्यांस सर्वांसह बोलाविले. विठोबापुढे उभे असता विनोबाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आम्ही मूर्तीपुढे नमत नाही. परंतु त्या अश्रूंचे कारण समजण्यास मूर्तीपुढे नमावे लागत नाही.

केरळातील १९५७ चे साल थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण तेथे ख्रिस्ती आणि देव न मानणारे हे प्रत्यक्ष समोरासमोर उभे होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये निवडणुकीने निवडून आलेले कम्युनिस्ट मंत्रिमंडळ तेथे अधिकारावर आले. मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद हे जन्माने उच्च ब्राह्मण, मताने निरीश्वरवादी. दुसऱ्या बाजूस प्रेषित थोमापासून आपली परंपरा सांगणाऱ्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्या, त्यांची शेकडो विद्यालये, त्यांचे बिशप. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाचा कायदा पुढे आणला, आणि आपल्या शाळा हातच्या जाणार, अशा भीतीने ख्रिस्ती लोक खवळले. दोन वर्षांत हा झगडा इतका वाढला की गोळीबारात माणसे मेली, आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. कोणाचे किती चुकले, हे येथे तोलून दाखविण्याचा आमचा इरादा नाही. दोन्ही बाजूंस भय होते, आणि भयाच्या पोटी माणूस शेजाऱ्याचे तोंड नीट पाहात नाही, एवढे खरे.

हा वणवा पेटू लागला असतानाच विनोबाजी केरळभर चालत होते. ख्रिस्ती धर्मगुरूंस ते भेटत, आणि कम्युनिस्ट मंत्र्यांसही भेटत. दोघांपाशी त्यांची मागणी एकच असे: गावची जमीन गावाची व्हावी, आणि गावात कोणी उपाशी राहू नये. सभेच्या शेवटी त्यांची प्रार्थना मौनाने होत असे. शब्द म्हटले म्हणजे कोणाचे तरी शब्द होतात, आणि मग दुसरा बाजूस सरतो. मौनात ज्यास देवास हाक मारावयाची तो मारी, ज्यास नुसते सत्याचे चिंतन करावयाचे तो करी, आणि सर्व एका भुईवर बसत. आम्ही मौनास प्रार्थनेच्या जागी बसवू इच्छीत नाही. आमच्या उपासनेस शब्द लागतात, कारण आमचा विश्वास शब्दाने आला आहे. पण गावच्या सभेत, जेथे सर्व मतांचे लोक जमतात, तेथे ही रीत उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, केरळची यात्रा संपता संपता, त्यांनी तेथे शांतिसेना स्थापिली. पहिले सैनिक अवघे आठ, आणि त्यांचे पुढारी के. केळप्पन. सप्टेंबरात म्हैसूरजवळ येलवाल येथे ग्रामदानाचा विचार करण्यासाठी जी परिषद भरली, तिला पंडित नेहरूही आले आणि नंबुद्रिपादही. देशातील कट्टर विरोधी पक्ष एका कामास मिळून अनुकूल झाले, असे प्रसंग फार थोडे. त्याने केरळातील झगडा मिटला नाही, हेही तितकेच खरे.

विनोबाजींच्या कार्यात उणीव नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली. तिच्यातील पुष्कळ खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा त्यांनी जो अनुशासनाचा शब्द उच्चारला, त्याने तुरुंगात पडलेल्या त्यांच्याच कित्येक सोबत्यांची मने दुखावली. आणि १९७९ साली केरळ व पश्चिम बंगाल येथे गोवधबंदी व्हावी म्हणून त्यांनी उपोषण मांडले. गोमांस हे ज्यांचे नित्याचे अन्न, असे केरळातील लाखो ख्रिस्ती व मुसलमान, तसेच हिंदूही, त्या वेळी या वृद्धाकडे कोणत्या नजरेने पाहात असतील? ज्याने पुरीच्या दारात परक्या विश्वासाच्या स्त्रीसाठी पाऊल मागे घेतले, त्याने आपल्या श्रद्धेचा कायदा परक्याच्या ताटावर लागू व्हावा म्हणून प्राण पणास लावावे, हे आम्हांस एका माणसाच्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पहिली आम्हांस अधिक आवडते. मनुष्य सर्व ठिकाणी सारखा मोठा असत नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात आजारी पडल्यावर त्यांनी अन्न व औषध घेणे थांबविले, आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनारास धाम नदीच्या काठी त्यांचा देह पडला. आयुष्य देवाने द्यावे व देवानेच घ्यावे, असे मानणाऱ्या आम्हांस हा शेवटही पटण्यासारखा नाही. पुढच्या वर्षी सरकारने त्यांस भारतरत्न दिले. गागोद्याचा मुलगा गागोद्यास कायमचा असा परत आला नाही. पण त्याच्या जन्माने ते खेडे देशभर माहीत झाले.

ही सर्व हकीकत सांगून होईपर्यंत रात्र बरीच झाली होती, आणि बाहेर पाऊस लागला होता. धाकट्या बंधूंस ती आवडली. वडील बंधू मात्र स्वस्थ होते. त्यांनी आम्हांस अडचणीत टाकणारा एक प्रश्न विचारला: विनोबाजी देवळाच्या दारातून परतले, तसे आपण काय प्रभुभोजनाच्या मेजावरून परतावे, अविश्वासी बाहेर आहे म्हणून? आम्ही सांगितले की नाही. मेजाचे नियम मंडळीचे आहेत, आणि ज्यास विश्वास नाही तो स्वतःच तेथे येऊ इच्छीत नाही. त्या मुलाने बापाच्या कबरेपाशी मस्तक लवविले नाही, हा एका अर्थी त्याचा प्रामाणिकपणाच होता. खोटे मस्तक लवविणारे आपल्या मंडळ्यांत थोडे नाहीत. परंतु पाण्याचा तांब्या हे प्रभूचे मेज नव्हे. पाणी न घेण्याची शिक्षा आपण कोठून शिकलो, हे त्या घरांतील वृद्धांस विचारावे, एवढेच आम्ही त्यांस सुचविले. या वाक्यावर ते बराच वेळ खाली पाहात राहिले, कारण त्यांच्या आजोबांस गावच्या विहिरीवरून हाकलल्याची गोष्ट त्यांनीच आम्हांस पूर्वी सांगितली होती.

दुसरे दिवशी सकाळी ते दोघे परत गेले. लावणी आटोपल्यावर त्यांचे पत्र आले. काही घरांचा राग अद्यापि गेला नाही. मात्र ते स्वतः एका संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले, ओट्यावर बसले, आणि त्याच्या आईने आणलेले पाणी प्याले. देवाविषयी कोणीच काही बोलले नाही. निघताना मुलाने त्यांस विचारले की पुढच्या आठवड्यात मंडळीतील एका म्हातारीस डोळे तपासण्यासाठी पेणला न्यावयाचे आहे, तर सुवार्तिकबाबा बरोबर येतील काय. ते गेले होते.